सावित्रीच्या मागे मागे, समुद्रापर्यंत

डिसेंबरची सुट्टी आली की डोंगर की समुद्र हे भांडण घरोघरी होतं, आमच्याकडे पण व्हायचं, मला कडे हवेत आणि बायकोला माशाचं ताट. तोडगा काढला सावित्री नदीने. खरंच!

महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात आपण पाच नद्यांना नमस्कार करतो आणि स्ट्रॉबेरी क्रीम खायला पळतो. पण बघा ना, त्यातली कृष्णा पूर्वेला निघते ती १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, आणि सावित्री? ती सरळ पश्चिमेला कड्यावरून खाली कोकणात. ऑर्थर सीटवर सकाळी सातला जा, कानटोपी घालून, गर्दी यायच्या आत. पावसाळ्यात तिथे नुसतं धुकं, उन्हाळ्यात धुरकट, थंडीत मात्र खाली सावित्रीची दरी अशी दिसते की पोटात गोळा येतो.

मग आंबेनळी घाटाने उतरायचं, वाटेत प्रतापगड, पुढे पोलादपूर, महाड. घाट उतरताना स्वेटर निघतो, थंडी वरच राहते. महाडला आता कोणी बंदर म्हणणार नाही, पण जुन्या काळी खाडीतून माल इथवर यायचा, आणि जवळच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत ती या व्यापाराच्या वाटेवरच. चवदार तळ्यालाही जाऊन या, १९२७ चा सत्याग्रह तिथलाच. आणि ही नदी थंडीत इतकी गरीब दिसते ना, पण २०१६ च्या ऑगस्टमध्ये पुरात हिच्यावरचा जुना पूल वाहून गेला होता, हे लक्षात ठेवा.

शेवटी बाणकोटची खाडी. आम्ही मंडणगडकडून गेलो, वेश्वीला गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत चढवली, पलीकडे बागमांडला, की आलं हरिहरेश्वर. तिथली प्रदक्षिणेची वाट समुद्राला चिकटून जाते, लाटांनी खडकाची पार चाळण केलीय, आणि तो खडक कुठला, तर वर कड्यात पाहिलेलाच काळा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा! मला तर तिथे हात लावून बघावंसं वाटलं.

पण भरतीला त्या वाटेवर अजिबात जायचं नाही, लाट माणसाला ओढून नेते. मोबाईलला रेंज नसली तरी कोकणातला हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आम्ही अष्टमीला गेलो होतो, म्हणजे सहाला भरती, मग दुपारी बाराच्या ओहोटीला आरामात फिरलो, आणि दीडला बायको सुरमईच्या ताटासमोर.