रस्त्यावरची प्रार्थना: काय बोलावे, कुठे थांबावे

(आजाऱ्यांसाठी सार्वजनिक प्रार्थनासेवा करू इच्छिणाऱ्या मंडळीतील स्वयंसेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उत्तर आयर्लंडमधल्या कोलरेन गावात २००५ साली मार्क मार्क्स यांनी ‘हीलिंग ऑन द स्ट्रीट्स’ ही सेवा सुरू केली. तिची मांडणी अगदी साधी. बाजारपेठेत काही खुर्च्या ठेवायच्या, शेजारी उभा फलक लावायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पत्रक द्यायचे, आणि जो थांबेल त्याच्यासाठी तिथल्या तिथे प्रार्थना करायची. चर्चची पायरी चढायला बिचकणारा माणूस अशा खुर्चीवर बसतो, हे अनेक मंडळ्यांना जाणवले आणि ही पद्धत गावोगावी गेली.

तिचे बळ आणि तिचा धोका, दोन्ही इंग्लंडमधल्या बाथ शहरात एकाच वेळी दिसले. बाथ अ‍ॅबी या जुन्या चर्चच्या बाहेर सेवा करणाऱ्या गटाच्या पत्रकात ‘देव आजही बरे करू शकतो’ असे म्हटले होते आणि खाली आजारांची यादी होती: अल्सर, दमा, नैराश्य, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा दीर्घकाळ चालणारा आजार), अर्धांगवायू. तक्रार झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने हे पत्रक दिशाभूल करणारे ठरवले. वाचणारा आवश्यक उपचारांपासून दूर जाऊ शकतो, असे कारण दिले. बरेच ख्रिस्ती लोक दुखावले गेले, आणि ते मी समजू शकतो. पण निर्णय जाहिरातीपुरता होता, प्रार्थना करायला कोणी बंदी घातली नव्हती. माझे म्हणणे असे की ते पत्रक एकदा आजाऱ्याच्या डोळ्यांनी वाचून पाहा. ज्याला काल डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितला, त्याला त्या यादीत श्रद्धा दिसत नाही, हमी दिसते. आपल्याला वचन देता येते ते प्रार्थनेचे. बरे होण्याचे वचन आपल्या हातात नाही, म्हणून ते कागदावरही येऊ नये.

आपल्याकडे तर कायदाही माहीत हवा. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा चमत्कारिक उपचारांच्या जाहिरातींना मनाई करतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे, तसेच कुत्रा, साप, विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हे गुन्हे मानतो. तेव्हा आपल्या पत्रकावर आजाराचे नाव नको, ‘चमत्कार’ नको, फोटो नको. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का? पैसे घेतले जात नाहीत. औषधे चालू ठेवा.’ एवढा मजकूर भरपूर झाला.

आता प्रत्यक्ष खुर्चीपाशी येऊ. दोघांनी मिळून सेवा करावी. एकट्याने कधीच नाही. एकजण बोलतो आणि प्रार्थना करतो. दुसरा डोळे उघडे ठेवून बसलेल्या माणसाकडे पाहतो: घाम फुटतोय का, श्वास लागतोय का, अस्वस्थ होतोय का. स्त्री बसली असेल तर दोघांपैकी एक तरी स्त्री असावी. मूल असेल तर आईवडील जवळ असल्याशिवाय प्रार्थनाच करू नये. ‘हीलिंग ऑन द स्ट्रीट्स’मध्ये स्वयंसेवक गुडघे टेकून बसतात, म्हणजे आजाऱ्याला मान वर करून पाहावे लागत नाही. ही गोष्ट लहान वाटते, पण समोर ताठ उभा राहून वरून बोलणारा माणूस आपोआप हुकमी सुरात बोलू लागतो. खाली बसलेल्याचा आवाज आपसूक उतरतो.

प्रश्न मोजके. नाव काय म्हणू, आणि कशासाठी प्रार्थना करू? बस्स. आजाराचा इतिहास, घरची भांडणे, पूर्वी केलेले नवस यांची चौकशी आपले काम नाही. हात ठेवायचा असेल तर विचारून, आणि फक्त खांद्यावर. दुखऱ्या जागी, पोटावर, छातीवर नाही. डोके दाबणे, मागे ढकलणे तर मुळीच नाही. प्रार्थना दोन-तीन मिनिटांची, साध्या बोलीत. लांबली की ती देवाशी बोलणे सोडून आजाऱ्याला उपदेश करू लागते, हे नेहमीचेच. आवाज चढवू नये. त्याने ऐकणाऱ्याची छाती धडधडते आणि ती धडधडच पुढे ‘सामर्थ्य’ म्हणून सांगितली जाते.

तेल लावण्याची प्रथा बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रातून आली आहे आणि तिथे ते काम मंडळीच्या वडीलजनांचे आहे. कॅथलिक परंपरेत आजाऱ्यांचा तैलाभ्यंग फक्त धर्मगुरूच करतात, कपाळावर आणि हातांवर. रस्त्यावरच्या सेवेत तेलाची बाटली नेऊच नये, असे माझे मत आहे. घरी किंवा चर्चमध्ये पाळकसाहेबांनी लावावे.

या सेवेत सर्वांत जास्त इजा करणारे वाक्य म्हणजे ‘तुमचा विश्वास कमी पडला.’ आधीच दुखण्याने गांजलेल्यावर आपण दोषही लादतो. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी असतानाच मागे ठेवले, आणि तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. त्या दोघांच्या विश्वासाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. आपण का काढावा?

औषधांबाबत मात्र तसूभरही ढिलाई चालणार नाही. फिट्सची गोळी अचानक बंद केली तर न थांबणारी फिट येऊन जीव जाऊ शकतो. टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन थांबले की एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल वाढून माणूस बेशुद्ध पडू शकतो. टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांत बरे वाटू लागले म्हणून सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ‘मला बरे वाटतेय, गोळ्या सोडू का?’ असे कोणी विचारले तर उत्तर एकच: डॉक्टरांना दाखवा, तपासणी करा, ते सांगतील तसे करा. छातीत दुखणे, अर्धे अंग लुळे पडणे असे समोर घडले तर प्रार्थना थांबवून आधी १०८ लावा.

कोणी ‘अंगात भूत आहे, काढा’ म्हणून आले तर? चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांनी १९७५ मध्येच नियम घातला की असे काम बिशपने नेमलेल्यांनीच करावे, वैद्यकीय सल्ल्याची जोड घेऊन करावे आणि त्याचा गाजावाजा करू नये. ज्याला आवाज ऐकू येतात त्याला मानसोपचाराची गरज असू शकते. मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणाऱ्या शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर छापून ठेवा.

‘मी बरा झालो’ अशी साक्ष जाहीर करण्याची घाई नको. फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्री बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी आल्या. २०१८ मध्ये चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेली घटना सत्तरावी होती. तिथे आधी निदान पक्के आहे का पाहतात, मग बरे होणे अचानक, पूर्ण आणि टिकाऊ होते का, उपचारांनी ते समजावता येते का, हे वर्षानुवर्षे तपासतात. आपण मात्र त्याच संध्याकाळी व्हिडिओ टाकतो आणि दुखणे उलटले की त्या माणसाला तोंड लपवावे लागते.

२००६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यासही ठाऊक असावा. सहा रुग्णालये, बायपासचे १८०२ रुग्ण. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे माहीत नसलेल्यांत, प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्क्यांना आणि न झालेल्या गटात ५१ टक्क्यांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होत आहे हे नक्की ठाऊक असलेल्यांत ५९ टक्के. ‘माझी तब्येत इतकी वाईट आहे का, की प्रार्थना करणारे बोलवावे लागले?’ अशी धास्ती रुग्णांना वाटली असेल, असा अंदाज संशोधकांपैकी एका डॉक्टरांनी बोलून दाखवला होता. देवाला आकड्यांत पकडता येत नाही, ही माझी श्रद्धा आहे. शिवाय लांबून अनोळखी लोकांनी केलेली ती प्रार्थना होती. तरी त्या अभ्यासावरून आपण एवढे तरी शिकावे की आजाऱ्याच्या मनात आपल्या शब्दांनी भीती वाढता कामा नये.

शेवटी व्हॉट्सअ‍ॅपबद्दल. खुर्चीवर ऐकलेली नावे, आजार, रिपोर्टचे फोटो गटावर टाकण्याची सवय सर्रास दिसते. दोन दिवसांत ती बातमी खुर्चीवर बसलेल्या बाईच्या सासरी पोचते. इतरांनीही तिच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून निरोप द्यायचाच असेल तर आधी तिला विचारा, आणि मग एवढेच लिहा: ‘उद्या एका ताईंचे ऑपरेशन आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा.’