चोवीस तासांचा माणूस : लुईजी किनेत्ती

[पडद्यावर: उत्तर इटलीचा नकाशा. मिलानच्या वायव्येला एक ठिपका.]

लुईजी किनेत्ती रेसिंगमध्ये आला तो गॅरेजच्या दारातून. 17 जुलै 1901 चा जन्म, मिलानजवळच्या येरागो गावचा. बाप बंदुका घडवणारा कारागीर. शाळकरी वयातच पोराच्या हातात कानस आली आणि 1917 मध्ये, सोळाव्या वर्षी, तो अल्फा रोमिओत मेकॅनिक म्हणून लागला. पुढे तिथेच मोडेनाकडचा एक तरुण ड्रायव्हर त्याला भेटला. त्याचं नाव एन्झो फेरारी. ही ओळख आयुष्यभर टिकली, आणि तिच्याबरोबर भांडणंही टिकली.

मुसोलिनीच्या राजवटीशी किनेत्तीचं सूत जमणारं नव्हतं. विशीच्या दशकात त्याने इटली सोडली आणि पॅरिस गाठलं. काम तेच, अल्फाच्या गाड्या दुरुस्त करणं, विकणं, आणि संधी मिळाली की पळवणं.

पॅरिसच्या नैर्ऋत्येला, गाडीने दोन-अडीच तासांवर, ल माँ नावाचं शहर आहे. तिथे 1923 पासून चोवीस तासांची शर्यत भरते. शनिवारी दुपारी चार वाजता सुरू होते, रविवारी चारला संपते. जो या वेळात जास्तीत जास्त अंतर कापेल तो जिंकला. ट्रॅक म्हणजे बऱ्याच अंशी एरवी लोकांच्या वापरातलेच रस्ते, एक फेरी साडेतेरा किलोमीटरची. इथे सर्वांत वेगवान गाडी हमखास जिंकते असं नाही, कारण पहाटे तीन वाजता ती बहुधा कडेला बोनेट उघडून उभी असते. जिंकायला गाडी शेवटपर्यंत शाबूत लागते, आणि गाडी कुठे कुरकुरते आहे ते मेकॅनिकइतकं कुणाच्या कानाला कळणार?

1932 मध्ये किनेत्ती पहिल्यांदा ल माँला उतरला आणि पहिल्याच फटक्यात जिंकला. अल्फा रोमिओ 8सी, जोडीदार फ्रान्सचा रेमों सोमेर. खरं सांगायचं तर तो विजय सोमेरचा होता. किनेत्ती आजारी पडला आणि सोमेरने वीस तासांहून जास्त वेळ एकट्याने गाडी चालवली. विक्रमांच्या यादीत दोघांचीही नावं आहेत. श्रेय कुणाला किती, ते यादीत लिहीत नाहीत. हे श्रेयाचं गणित सतरा वर्षांनी पार उलटं होणार होतं.

पुढच्या वर्षी तो दुसरा आला. सोमेर आता थोर ताझिओ नुवोलारीच्या जोडीला होता आणि किनेत्ती त्यांच्या विरुद्ध. चोवीस तास पळून शेवटच्या फेरीपर्यंत आघाडी इकडून तिकडे हलत राहिली. अंतर उरलं ते साधारण 400 मीटरचं. 1934 मध्ये मात्र फिलिप एतांसलांबरोबर तो पुन्हा जिंकला, गाडी पुन्हा अल्फा 8सी.

[पडद्यावर: न्यूयॉर्क बंदर.]

1940 मध्ये इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीसाठी मासेराती गाड्या घेऊन फ्रान्सहून एक पथक अमेरिकेला गेलं. त्यात किनेत्ती होता. तो तिकडे असतानाच जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. परतीची वाट बंद. किनेत्ती न्यूयॉर्कमध्ये राहिला, पुन्हा गॅरेजात हात काळे करू लागला आणि यथावकाश अमेरिकेचा नागरिक झाला.

त्या वर्षांत त्याने एक गोष्ट हेरली. अमेरिकेत पैसा होता, गाड्यांचं वेड होतं, पण अंगासरशी बसणारी, चपळ युरोपियन स्पोर्ट्‌स कार तिथे कुणी बनवत नव्हतं. युद्ध संपलं आणि 1946 च्या नाताळच्या सुमारास तो मोडेनात एन्झोच्या दारात उभा राहिला. एन्झोकडे तेव्हा एक कारखाना होता, बारा सिलिंडरच्या इंजिनाचा आराखडा होता आणि रोकडीची चणचण होती. गाड्या तू बनव, अमेरिकेत विकायचं माझ्याकडे लागलं, अशा अर्थाचं बोलणं झालं. या भेटीभोवती पुढे बऱ्याच दंतकथा जमल्या. एन्झोने गाड्या बनवल्या त्या फक्त किनेत्तीच्या सांगण्यावरून, असं मी म्हणणार नाही. तो माणूस कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हता. पण गिऱ्हाईक कुठे आहे हे त्याला किनेत्तीने दाखवलं, यात शंका नाही.

आता गाडीचं नाव व्हायला हवं होतं. 1948 मध्ये पॅरिसजवळच्या मॉनलेरी ट्रॅकवर झालेली पॅरिसची बारा तासांची शर्यत किनेत्तीने फेरारी 166 मधून जिंकली. जोडीदार होता इंग्लंडचा एक सरदार, लॉर्ड सेल्सडन.

आणि मग आलं 1949.

[पडद्यावर: ल माँच्या ट्रॅकचा आराखडा. सरळ रस्त्याचा लांब पट्टा ठळक.]

ल माँची शर्यत दहा वर्षांनी भरत होती. युद्धात ट्रॅकलगतच्या जागेत विमानतळ होता, त्यावर बॉम्ब पडले होते. रस्ते, पिट (शर्यतीत गाडी थांबवून इंधन भरायची, दुरुस्ती करायची जागा), प्रेक्षागार, सगळं नव्याने उभं केलेलं. 25 जून, शनिवार, दुपारचे चार. समोर साडेचार लिटर इंजिनांच्या दांडग्या फ्रेंच गाड्या. सेल्सडनच्या मालकीची छोटी, उघडी फेरारी 166 एमएम त्यांच्या निम्म्याहून कमी, दोन लिटरची. तेवढ्याशा इंजिनात बारा सिलिंडर कोंबलेले. हे नाजूक यंत्र चोवीस तास तग धरणार नाही, असं जाणकारांना वाटत होतं. दुसरी एक फेरारी आली होती, ती अपघातात बाद झाली. सुरुवातीला पुढे पळालेल्या देलाए कंपनीच्या मोठ्या फ्रेंच गाड्यांपैकी एकीने पेट घेतला. किनेत्ती मात्र आपल्या लयीत फेऱ्या मारत राहिला.

सेल्सडनची तब्येत बरी नव्हती. पहाटे त्याने साधारण तासाभरापुरती गाडी घेतली, बाकी सगळा वेळ किनेत्तीच चाकावर. म्हणजे बावीस तासांहून अधिक. वय 47. डोक्यावर छप्पर नाही, तोंडावर वारा आणि किडे, हेडलाइट आजच्या मानाने मिणमिणते, आणि त्या अंधारात सहा किलोमीटरचा सरळ पट्टा, दर फेरीला, पुन्हा पुन्हा. झोप येणं तर सोडाच, डोळा जड झाला तरी पुढचं वळण चुकलंच.

रविवारी दुपारी, शेवट जवळ आला तसा क्लच घसरू लागला. क्लच घसरतो तेव्हा इंजिन ओरडतं, काटा वर चढतो, पण ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. घाबरून आणखी ॲक्सिलरेटर दाबला की प्लेट तापते, आणखी घसरते, आणि खेळ खलास. अशा वेळी पाय उचलावा लागतो. मागून लुव्हो या ड्रायव्हरची देलाज ही फ्रेंच गाडी जवळ येत असताना पाय उचलायचा! किनेत्तीने उचलला. गिअर जपून टाकले, वेग उतरवला, हातातली आघाडी थोडी थोडी खर्च करत वेळ काढला. चार वाजले तेव्हा फेरारी पुढेच होती. 235 फेऱ्या, सुमारे 3,178 किलोमीटर, सरासरी ताशी 132. फेरारीचा ल माँमधला हा पहिला विजय, आणि किनेत्तीचा तिसरा. तीनदा जिंकणारा तो पहिलाच इटालियन.

पंधरवडा-तीन आठवड्यांत बेल्जियममधल्या स्पाची चोवीस तासांची शर्यतही त्याने मारली, या वेळी जाँ ल्युकाबरोबर.

एकट्याने रेटण्याचा हा नाद त्या काळात बऱ्याच जणांना लागला होता. 1952 च्या ल माँला फ्रान्सच्या पिएर लव्हेगने जोडीदाराला गाडी दिलीच नाही. मोठी आघाडी होती; तास-सव्वा तास उरला असताना इंजिनाने मान टाकली. लव्हेग आणि किनेत्ती यांच्यात धाडसाचा फरक नव्हता. मला फरक दिसतो तो इतकाच, की एकाला गाडीने सोडलं आणि दुसऱ्याने गाडीला सांभाळून घेतलं. नशिबाचाही वाटा होता, तो नाकारायचं कारण नाही.

1951 मध्ये मेक्सिको. कारेरा पानअमेरिकाना, देशाच्या दक्षिण टोकापासून उत्तर सरहद्दीपर्यंत सुमारे 3,100 किलोमीटर, उघड्या रस्त्यावर. पिएरो तारुफी आणि किनेत्ती फेरारी 212 मध्ये. दुसऱ्या क्रमांकावर दुसरी फेरारी, अस्कारी आणि विल्लोरेसीची. अमेरिकन गिऱ्हाइकांच्या दाराशी याहून चांगली जाहिरात कुठली?

1953 चं ल माँ त्याचं ड्रायव्हर म्हणून शेवटचं. त्या शर्यतीत त्याचा जोडीदार टॉम कोल अपघातात गेला. 1932 पासून झालेली प्रत्येक ल माँ शर्यत किनेत्तीने केली होती, एकही न चुकवता. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्याने ते थांबवलं.

पण पिटमधून तो हलला नाही. अमेरिकेत फेरारी विकण्याचं काम त्याच्याकडे होतं, आधी न्यूयॉर्क, मग कनेक्टिकटमधलं ग्रिनिच. दुकान आणि शर्यत यांत त्याने भिंत घातली नाही. पैसेवाल्याने गाडी घ्यायची आणि किनेत्तीने तीत एखादा होतकरू पोरगा बसवायचा. पुढे जगज्जेता झालेल्या अमेरिकन ड्रायव्हर फिल हिलला त्याने हात दिला. 1958 मध्ये त्याने ‘नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम’ काढली, लोकांच्या तोंडी ‘नार्ट’. 1960 मध्ये मेक्सिकोचा अठरा वर्षांचा रिकार्डो रॉड्रिगेझ या टीमच्या गाडीतून ल माँला दुसरा आला. दोन वर्षांपूर्वी, 1958 मध्ये, वय कमी म्हणून त्याला शर्यतीत घेतलंही नव्हतं.

1964 चा किस्सा तर मजेदार आहे. 250 एलएम या फेरारीला शर्यतीसाठी मान्यता देण्यावरून एन्झोचं इटलीच्या मोटर संघटनेशी वाजलं. रागाच्या भरात त्याने इटलीच्या रेसिंग गाड्यांचा लाल रंगच सोडला आणि फॉर्म्युला वनच्या शेवटच्या दोन शर्यतींत आपल्या गाड्या नार्टच्या नावाने, पांढऱ्या-निळ्या रंगात उतरवल्या. जॉन सर्टीज मेक्सिकोत जगज्जेता झाला तो अशा गाडीतून.

आणि ज्या 250 एलएमवरून हे रामायण घडलं, तिच्यातूनच 1965 मध्ये मास्टन ग्रेगरी आणि योखेन रिंट यांनी किनेत्तीला ल माँ जिंकून दिलं. फोर्डच्या गाड्या बंद पडल्या, फेरारीच्या कारखान्याच्या स्वतःच्या गाड्याही मागे पडल्या, आणि पुढे आली ती अमेरिकेतल्या विक्रेत्याची गाडी.

दुकानदार म्हणून त्याचा अंदाज दरवेळी बरोबर आला असं नाही. 1967 मध्ये त्याच्या आग्रहावरून फेरारीने 275 जीटीबी/4 ची उघडी आवृत्ती काढली, नार्ट स्पायडर. गिऱ्हाईक थंड, दहा गाड्यांवर काम थांबलं. त्यातली एक 2013 मध्ये लिलावात पावणेतीन कोटी डॉलरला गेली. अंदाज बरोबरच होता म्हणायचा, फक्त चाळीस-पंचेचाळीस वर्षं लवकर.

किनेत्ती 17 ऑगस्ट 1994 रोजी ग्रिनिचमध्ये वारला, त्र्याण्णवाव्या वर्षी. 1965 नंतर फेरारीला ल माँचं अजिंक्यपद पुन्हा मिळालं ते थेट 2023 मध्ये, शर्यतीच्या शंभराव्या वर्षी. त्या गाडीत तिघे होते, इंग्लंडचा जेम्स कॅलाडो आणि अलेस्सांद्रो पिअर गुईदी व अंतोनिओ जोविनाझ्झी हे दोन इटालियन. आता नियमानुसार कुणाही एकाला चौदा तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही.