२७ रुपये सुट्टे आहेत का?

नमस्कार मंडळी! मंडईत पाऊल टाकलं की पहिलं वाक्य कानावर पडतं, "सुट्टे द्या हो." आता समजा, उद्यापासून पुण्यात दोनच नाणी चालणार, पाचाचं आणि आठाचं. हसू नका, आपल्याकडे १९६४ मध्ये तीन पैशाचं नाणं निघालंच होतं की! आणि भाजीवाल्या मावशी परत काहीच देणार नाहीत. तर अशी सगळ्यात मोठी रक्कम कुठली, जी देताच येणार नाही?

रविवारी पोहे खाताना भाच्याने हे कोडं टाकलं आणि मी तिथेच ताटलीत दाणे मांडायला लागलो, शेंगदाणे आठाचे, मटार पाचाचे (हो, आमच्याकडे पोह्यात मटार घालतात, भांडू नका). १३ जमतात, १४ नाही. १६ जमतात, १७ नाही. २२ला अडलो, २७ला परत अडलो, म्हटलं हे काही संपत नाही. पण पुढे बघा, २८ म्हणजे आठाचं एक, पाचाची चार. २९ला आठाची तीन, पाचाचं एक. ३०ला पाचाची सहा, ३१ला आठाची दोन नि पाचाची तीन, ३२ला आठाची चार. ओळीने पाच जमले ना, मग खेळ खलास! ३३ हवेत तर २८वर एक मटार ठेवा, ३४ला २९वर, असं लाखापर्यंत जा.

म्हणजे उत्तर २७. पाच आठे चाळीस, त्यातून पाच आणि आठ दोन्ही काढा, झाले २७. पण दोन नाण्यांना सामाईक भाजक नको हं, सहा आणि नऊ घेतलीत तर तीनच्या पाढ्याबाहेर पडताच येणार नाही.

आणि मावशींनी परत द्यायचं कबूल केलं तर? मग २७ पण सोपे, आठाची चार द्या, पाचाचं एक परत घ्या. एक रुपयासुद्धा देता येतो, आठाची दोन द्यायची, पाचाची तीन परत घ्यायची. असली पूर्णांकांची गणितं सोडवायची रीत आर्यभटाने ४९९ मध्येच दिलीये, पुढे तिला कुट्टक म्हणायला लागले, म्हणजे कुटून कुटून आकडे बारीक करायचे.

मी जरा कॉलर ताठ केली तर भाचा म्हणतो, "मामा, आता तीन नाणी, ६, ९ आणि २०." तीन नाण्यांना असं झटपट सूत्र नाही. पोहे गार झाले, दाणे संपले, शेवटी साबुदाण्याच्या डब्याला हात घातला आणि दुपारी कधीतरी ४३ वर येऊन थांबलो.