खुंटी बदलताना

गिटारची ही खुंटी जरा जवळून पाहा. ट्यूलिपच्या कळीसारखा आकार, रंग हिरवट-पिवळा, आरपार थोडा उजेड दिसतो. बोटाच्या चिमटीत धरून हलकेच पिळली, तर खडीसाखरेसारखे तुकडे हातात येतात.

गिटार १९५८ ची. गिब्सन कंपनीची लेस पॉल, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कलामझूच्या कारखान्यात घडलेली. महोगनीची मान अजून सरळ आहे, तारांचा आवाज पकडणारे पिकअप बोलतात. खुंट्यांची बटणं, म्हणजे बोटांनी फिरवायची टोकं, मात्र संपली. त्या काळचं हे प्लास्टिक वर्षानुवर्षं आकसतं, तडे जातात आणि एक दिवस भुगा होतो. यात वाजवणाऱ्याचा काही दोष नाही.

तंबोऱ्याची लाकडी खुंटी भोकात घट्ट बसते, घर्षणावर टिकते. सरकायला लागली की तिला खडू घासतात. इथली तऱ्हा वेगळी. पत्र्याच्या डबीत आटे पाडलेली दांडी आणि तिच्यात अडकलेलं दातेरी चाक. बटण साधारण १५ वेळा फिरवलं की तार गुंडाळलेला खांब एकदा फिरतो. सहा तारा मिळून ४० किलोहून जास्त ओढतात, तरी खांब उलटा फिरत नाही.

डबीवर नाव आहे क्लूसन डिलक्स. हिच्या खांबासाठी लाकडात साधारण ८.७ मिलिमीटरचं भोक असतं. साठ-सत्तरच्या दशकांत अनेकांनी ग्रोव्हर कंपनीच्या दणकट खुंट्या बसवल्या आणि त्यासाठी भोकं १० मिलिमीटरपर्यंत वाढवली. त्यांना दोष देववत नाही. तेव्हा ती रोज वाजवायची गिटार होती आणि सूर टिकणं महत्त्वाचं होतं. पण गेलेलं लाकूड परत येत नाही, आणि अशी रुंदावलेली भोकं पाहिली की अजूनही जीव हळहळतो.

म्हणून इथे ड्रिल मशीन टेबलावरच नाही.

पहिली धास्ती स्क्रूची. प्रत्येक खुंटीला दोन, एकूण बारा. गंजलेल्या स्क्रूवर जोर केला की डोकं तुटतं आणि धड लाकडात राहतं. त्यामुळे आधी तापलेलं सोल्डरिंग आयर्न डोक्यावर टेकवायचं आणि थांबायचं. उष्णता खाली उतरते, साठ वर्षांहून जुनं लॅकर, म्हणजे लाकडावरचा चकचकीत लेप, सैल पडतं. मग खाचेत नेमका बसणारा स्क्रू-ड्रायव्हर. आधी किंचित आवळायचा, अगदी केसभर. बारीकसा 'टक्' आवाज आला की उलटा फिरवायचा. हा आवाज ऐकायला शिकायला वेळ लागतो. कोणता स्क्रू कुठला, ते कागदावर लिहून ठेवायचं.

आता बटण. उरलेले तुकडे पकडीने काढले की दांडीचं चपटं टोक दिसतं. ते टोक तापवायचं आणि नवं बटण सरळ दाबायचं. आतलं प्लास्टिक मऊ होऊन धातूला धरतं आणि गार होताना पक्कं बसतं. वाकडं बसलं तर दुसरी संधी नाही. डबी आणि चाक जुनंच राहतं. दाते झिजले असतील तरच पूर्ण खुंटी बदलायची, आणि तीही त्याच मापाची, म्हणजे लाकडाला हात लागणार नाही. डबीच्या पाठीला छोटं भोक आहे, ते तेलासाठी. एक थेंब पुरे.

स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर गोंद लावलेली टूथपिक आत घालून वाळू द्यायची. आणि सफाईला थिनर चुकूनही नको. हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे, थिनर लागताच विरघळतं.

तारा चढल्या. जाड तारेपासून सुरुवात. नवं बटण बोटाखाली गुळगुळीत फिरतं, सूर हळूहळू वर सरकतो. दहा मिनिटांनी पुन्हा पाहायचं. नव्या तारा ताणल्या जातात, म्हणून थोड्या उतरल्यात.

खुंटी जागची हललेली नाही.