गोणपाटातून आलेली तारली

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना संपत आला. आता दापोलीजवळच्या हर्णै बंदरातल्या होड्या वर ओढल्या जातील, त्यांच्यावर झापं चढतील आणि लिलावाचा गलका थांबेल. मासळी बंद म्हणजे बंदरावरच्या मांजरांचं पोटही बंद. दर वर्षी याच दिवसांत आमच्या भागात कोणी ना कोणी बंदरावरचं मांजर घरी नेतं. गेल्या वर्षी ते कोणीतरी म्हणजे मीच होतो.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. गावात आम्हालाही डॉक्टरच म्हणतात आणि आम्ही ते दुरुस्त करत नाही. सगळी हयात गाईम्हशींत गेली. मांजर कोणी आणलंच तर टोचायचं आणि परत द्यायचं, एवढाच संबंध. त्यामुळे आमची नेहमीची मासेवाली मावशी म्हणाली, "डॉक्टर, न्या हिला. पावसाळ्यात इथं काय खाईल ती?" तेव्हा मला वाटलं, त्यात काय एवढं?

मावशीच्या टपाखाली एका फडक्यावर झोपणारं, वर्षभराचं, करड्या पट्ट्यांचं मांजर. लिलावाच्या आरडाओरड्यात, शेकडो पायांमधून शेपूट उभी करून हिंडायचं. असलं धीट जनावर घरात काय घाबरणार? गोणपाटात घातलं, तोंड बांधलं, स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं आणि आसूदला घरी आणलं. माजघराच्या मधोमध गोणपाट सोडलं. भोवती घरची पाच आणि शेजारची चार माणसं, मध्ये दुधाची बशी. नातवाने नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, तारली.

तारली बाहेर आली म्हणण्यापेक्षा सुटली म्हणावं. दोनदा भिंतीवर आपटली आणि भाताच्या कणगीमागे गडप झाली. त्याच रात्री वळीव कोसळला. कौलांवर पाऊस, वर गडगडाट, वाडीत नारळ पडतायत. मी बॅटरी घेऊन कणगीमागे हात घातला. ती आधी फिस्कारली. ते बरोबरच होतं, तिने सूचना दिली होती. मी ऐकली नाही, म्हणून चावली. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि सकाळी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू केली. कोणाला मांजर चावलं, नखाने रक्त आलं, तर हेच करा. हळदीवर भागवू नका.

दुसऱ्या दिवशी घरचे सगळे आळीपाळीने वाकून कणगीमागे बघत होते. आईने सगळ्यांना हाकललं. म्हणाली, "नवी सून आल्यावर तिच्या तोंडाकडे असं टक लावून बघतात का रे? उठा तिथून." माझ्या शिक्षणातून जे आलं नाही ते तिने एका वाक्यात सांगितलं. दुधाची बशी ठेवायची कल्पना मात्र आईचीच होती आणि त्या दुधाने तारलीला जुलाब झाले. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. असो.

माझी चूक कुठे झाली ते नंतर उमगलं. मी मांजराला गाईच्या मापाने मोजत होतो. गाय कळपातली. नवी गाय गोठ्यात आणली आणि शेजारी दुसरी गाय बांधली, की संध्याकाळपर्यंत रवंथ करायला लागते. मांजराचा मूळ पुरुष म्हणजे आफ्रिकेतलं रानमांजर, आणि ते एकट्याने शिकार करणारं. त्याला आधार सोबतीचा कमी आणि जागेचा जास्त. कुठून पळायचं, कुठे लपायचं, कुत्रा कुठल्या बाजूने येतो, हा नकाशा पाठ असला की ते धीट दिसतं. बंदरावर तारलीला तो पाठ होता. गोणपाटात घालून मी तिचा नकाशाच काढून घेतला होता. वर तिचा आकार बघा. उंदराला ती शिकारी, पण कुत्र्याला आणि बिबट्याला तीच शिकार. असलं जनावर अनोळखी जागी आधी दडणारच.

म्हणून घर मोठं असलं तरी नव्या मांजराला सुरुवातीला एकच खोली द्या. आम्ही धान्याची लहान खोली रिकामी केली. आंब्याचा हंगाम नुकताच संपला होता, लाकडी पेट्या पडून होत्या. एक पेटी आडवी घातली, आत पेंढा आणि तोंडावर आईच्या जुन्या लुगड्याचा अर्धा पडदा. मग खोलीकडची वाट मोकळी ठेवून बाकीची दारं लावली, कणगीपासून खोलीच्या उंबरठ्यापर्यंत उकडलेल्या बांगड्याचे तुकडे ठेवले आणि आम्ही झोपून टाकलं. सकाळी ती पेटीत होती. बांगडा नुसता उकडलेला, मीठ नाही, काटे काढलेले. कालवणातला तुकडा धुऊनही देऊ नका, कांदा-लसूण मांजराला विषारी.

पेटीचं महत्त्व मला वाटलं होतं त्याहून जास्त आहे, हे मागाहून वाचलं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवारागृहात नव्याने आलेल्या 19 मांजरांवर एक साधा प्रयोग केला, 2014 साली तो छापून आला. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकंवाली मांजरं पहिल्या चार दिवसांतच बाकीच्यांपेक्षा शांत झाली. आपल्याला वाटतं, लपू दिलं तर माणसाळणार कसं? प्रत्यक्षात ज्याला हवं तेव्हा लपता येतं तेच लवकर बाहेर येतं.

खोलीत एका टोकाला खाणं-पाणी आणि दुसऱ्या टोकाला मातीची पाटी. शौचाच्या जागेशेजारी मांजर जेवत नाही. आपण तरी जेवतो का? पाटीत पुळणीची वाळू घालू नका, मिठामुळे ती दमट राहते. कोरडी माती किंवा लाकूड गिरणीतला भुसा चालतो. आणि खोली फिनेलने पुसू नका. एक तर ते मांजराला अपायकारक, शिवाय त्या दर्पाने मांजराने स्वतः लावलेला वास पुसला जातो.

हा वासाचा भाग जरा खोलात सांगतो. मांजर दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला गाल घासतं, ते लाडाने घासतं असं आपण समजतो. त्याच्या गालांत ग्रंथी असतात. तिथला वास लावून ते जागेवर जणू सही करतं, ही माझी. नवं घर म्हणजे एकही सही नसलेलं घर. तिसऱ्या दिवशी मी बंदरावर गेलो आणि मावशीकडून ते टपाखालचं फडकं मागून आणलं. घरात त्याचा घमघमाट सुटला. बायको म्हणाली, धुऊन तरी ठेवा. धुतलं असतं तर आणून उपयोग काय? फडकं पेटीत गेलं आणि तारली पहिल्यांदा पाय पोटाखाली घेऊन बसली. तोवर ती बसत नव्हती, दबून राहत होती.

बसणं आणि दबणं यातला फरक ओळखायला शिकलं, की निम्मं काम होतं. घाबरलेल्या मांजराचे पाय जमिनीला टेकलेले पण पळायच्या बेतात असतात, शेपूट अंगाशी घट्ट, कान बाजूला पडलेले, आणि उजेड असूनही डोळ्यांतली बाहुली मोठी काळी गोल. रात्री खातं, दिवसा अन्नाला शिवत नाही. कधी अंग चाटणं सोडतं, कधी एकाच जागी चाटून केस घालवतं. कोणी गादीवर मुततं. ते सूड म्हणून मुततं असं म्हणणारे मला भेटतात. मांजराला सूड सुचत असता तर मी पहिला बळी असतो. घाबरलेलं मांजर आपला वास असलेली जागा करू बघतं, एवढंच. आणि गुरगुरण्यावर विसंबू नका. मांजर सुखात गुरगुरतं तसं दुखत असताना आणि भ्यालेलं असतानाही गुरगुरतं.

मात्र सगळंच भीतीच्या खात्यावर टाकू नये. पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्यकाला फोन करा. मांजराला उपास मानवत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर चरबी यकृतात साचते, लठ्ठ मांजराला तर फारच लवकर. तोंड उघडं टाकून धापा टाकणं हे कुत्र्याला शोभतं, मांजराला नाही. बोका पुन्हा पुन्हा पाटीत बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, मार्ग बंद झालेला असू शकतो आणि त्यात तो दगावतो. घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, पाव तुकडासुद्धा. कुत्र्याचं गोचिडांचं औषधही नको, त्यात बऱ्याचदा पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी.

आता माणसाने काय करायचं? मी रोज संध्याकाळी त्या खोलीत जमिनीवर बसून पेपर वाचायचो. मोठ्याने, पण सावकाश. तिच्याकडे पाठ किंवा बाजू करून. पहिले आठ दिवस ती पेटीतून ऐकायची. नजरानजर झाली तर मी डोळे हळू मिटायचो आणि हळू उघडायचो. नातू हसायचा, आजोबा मांजराला डोळा मारतात म्हणून. पण ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली हेच तपासलं. माणसाने अशी संथ उघडझाप केली की मांजरंही तशी करतात आणि अनोळखी माणसाच्याही हाताकडे यायला जास्त राजी होतात. टक लावून बघणं म्हणजे मांजराच्या भाषेत भांडण. आई ते आधीच सांगून बसली होती.

तारलीला सर्वांत जास्त भीती कशाची होती? आमच्या मिक्सरची. कोकणातल्या घरात सकाळी नारळाचं वाटण व्हायचंच. माणसाचे कान सेकंदाला वीस हजार कंपनांच्या पुढचं ऐकत नाहीत, मांजर साठ हजारांच्याही वरचं ऐकतं. आपल्याला नुसती घरघर वाटते, तिच्या कानात त्यात आणखी काय काय असेल कोण जाणे. बंदरावर लिलावाचा एवढा गोंगाट होता, पण तो ओळखीचा होता. मिक्सर नवा होता.

मग आम्ही असं केलं. मिक्सर मागच्या पडवीत नेला. मधली दोन दारं बंद. तिकडे मिक्सर दोन सेकंद फिरला की इकडे मी बांगड्याचा एक तुकडा टाकायचा. फिरला, तुकडा. फिरला, तुकडा. आठवडाभराने एक दार उघडं, मग दुसरं. एकदा बायकोला घाई होती, तिने मिक्सर एकदम स्वयंपाकघरात लावला आणि आम्ही आठ दिवस मागे गेलो. भांडण तारलीचं नाही, आमचंच झालं. महिन्याने अशी वेळ आली, की मिक्सर लागला की तारली उठून माझ्या तोंडाकडे बघायची, तुकडा कुठाय म्हणून.

खेळाचंही सांगतो. खराट्यातला एक हीर, त्याला सुतळी, टोकाला कोंबडीचं पीस. पीस मांजराच्या अंगावर नेऊ नका, त्याच्यापासून पळवा. उंदीर कधी मांजराकडे चालत येतो का? पाच मिनिटं खेळवून, पीस पकडू देऊन मग जेवण द्यायचं. शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप, हा मांजराचा नैसर्गिक क्रम. तो रोज ठरल्या वेळी घडला, की भ्यालेलं मांजर सैल पडत जातं. खेळून झाल्यावर सुतळी उचलून ठेवा, गिळली तर आतड्याला फास बसतो.

मांजरं पाळणाऱ्यांत एक ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस बावरलेले, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं होतं. ठोकताळाच तो. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसांनी हाताळलेलं असेल तर काम सोपं, त्या वयात माणूस भेटलाच नसेल तर वर्षही लागेल, आणि काही मांजरं आयुष्यभर मांडीवर येत नाहीत. त्यांना तसं राहू द्यावं. तारली मावशीच्या पायात वाढलेली, म्हणून माझं निभावलं. नव्या मांजराला बाहेर मात्र निदान महिनाभर सोडू नका. ते जुन्या जागेच्या वाटेला लागतं. शिवाय आपल्याकडे दगडी गडग्यात फुरशासारखा विषारी साप आणि रात्री बिबट्या आहेच.

तीन महिने होतात न होतात तोच गणपती आले. मुंबईकर आले, घरात सतरा माणसं, झांजा, ढोलकी, अंगणात फटाके. मी धान्याची खोली बाहेरून कडी लागेल अशी करून घेतली होती. पेटी तिथेच, खिडकीला जाड चादर, दारावर नातवाच्या अक्षरात पाटी, "आत तारली आहे. उघडू नये." आरत्यांच्या वेळी ती पेटीत. रात्री सगळे झोपले की बाहेर येऊन देवघरापर्यंत फेरी. पाचव्या दिवशी विसर्जनाला सगळे नदीवर गेले, तेव्हा माजघरात मधोमध आडवी पडलेली सापडली. जिथे गोणपाट सोडलं होतं, तिथेच.

आता ती पडवीत झोपते, कणगीवर झोपते, मी पेपर वाचत असलो की पेपरावर झोपते. रिक्षा दारात थांबली की अजूनही पेटीत जाते. या चैत्रात शेजारचे बागायतदार पेटी मागायला आले. आंबा काढायला सुरुवात झाली होती आणि त्यांना एक पेटी कमी पडत होती. वाकून आत बघत म्हणाले, "ही तर रिकामीच दिसते." मी म्हटलं, रिकामी नाही, मालकीण बाहेर गेली आहे. आणि त्यांना बाजारातून नवी पेटी आणून दिली.

नमस्कार.