रूलिग: मजा की धीर?

नमस्कार श्रोतेहो. स्वीडिश शिकणाऱ्यांसाठी आजचं विशेषण आहे 'रूलिग'. अर्थ मजेदार, गमतीचं. स्पेलिंगमध्ये 'ओ' आहे, पण म्हणायचं 'रू'. बोलण्यात शेवटचा 'ग' बहुतेक वेळा गळतो, 'रूली' एवढंच ऐकू येतं. 'एत्त'वाल्या, म्हणजे नपुंसकलिंगी नामाबरोबर 'रूलित', अनेकवचनात 'रूलिगा'. छोटा-छोटी-छोटं करणाऱ्या आपल्याला यात अवघड काही नाही.

माझी भाची स्वीडनमधल्या लुंड शहरात शिकायला होती, स्वीडिश अगदी सफाईनं बोलायची. एका रविवारी ती शेजारच्या डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला गेली. 2000 साली दोन देशांमधल्या ओरेसुंड सामुद्रधुनीवरचा पूल झाला तेव्हापासून आगगाडीनं तासाभराचा रस्ता आहे. तिथं भाड्याची सायकल घेतली आणि ओल्या वळणावर धाडकन पडली. गुडघा फुटला, रक्त थांबेना. एक आजीबाई धावत आल्या. हातातली पावाची पिशवी फुटपाथवर ठेवली, रुमाल काढून गुडघ्यावर दाबून धरला, आणि पाठीवरून हात फिरवत म्हणू लागल्या, "बा रोली, बा रोली." पोरीला स्वीडिशच्या कानानं ऐकू आलं, 'नुसती गंमत, नुसती गंमत!' संताप संताप झाला तिचा. आजीबाई मात्र हलल्या नाहीत. एका हातानं सायकल धरून तिला औषधाच्या दुकानापर्यंत घेऊन गेल्या. तिथल्या मुलीनं उलगडा केला. रात्री फोनवर भाची म्हणाली, "मावशी, त्या मला 'घाबरू नकोस, शांत हो' म्हणत होत्या गं!"

तर श्रोतेहो, लक्षात घ्या: स्वीडिशमध्ये 'रूलिग' म्हणजे मजेदार, डॅनिशमध्ये तोच शब्द म्हणजे शांत. नॉर्वेजियनमध्येही शांतच. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न आणि आपल्याकडे थट्टा, तसंच हे.

मूळ शब्द 'रू', म्हणजे शांती, स्वस्थता. हा जुना अर्थ स्वीडिशनं एका ठिकाणी जपलाय: 'ऊरूलिग' म्हणजे काळजीत पडलेला. म्हणून 'ऊरूलिग' हा 'रूलिग'चा उलट शब्द समजू नका. शांत माणसाला स्वीडिश लोक 'लुंग्न' म्हणतात.

कागदी शब्दकोशात 'रू' आणि 'रूलिग' जवळजवळ भेटतात, नातं आपोआप दिसतं. घरात एक जाडजूड कोश हवाच, मुलांच्या हाताला लागेल असा. मोबाईलवर शब्द सापडतो, त्याचे शेजारी सापडत नाहीत.

आणि 'रूलिग' फक्त हसण्यापुरतं नाही. ओळखीचं कुणी भेटलं की स्वीडिश माणूस म्हणतो, "वा रूलित आत्त से देय!" तुला बघून किती छान वाटलं! इथं 'रूलित', त्यातला 'त' विसरू नका.