आज्ज्याची चोपडी

नमस्कार मंडळी. चहा झाला असंल, नसंल तर ठेवा गॅसवर, माझं बोलणं होईपर्यंत उकळंल.

आपल्या कोल्हापुरात रंकाळा तळ्यावर फिरायला जाणाऱ्यांना तिथला नंदी माहीत आहे. लहानपणी आम्हाला सांगायचे की हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा रंकाळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तो पाण्यात पोचंल त्या दिवशी प्रलय, सगळ्यांचा हिशेब. आम्ही पोरांनी काय केलं, आज्जीच्या डब्यातनं गहू काढला, तांदूळ काढला, दोन्ही फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. आता आजरा घनसाळ घेतला तर तांदूळ बारका, म्हणजे नंदी पुढं जातोय, जग बुडणार. आणि लग्नातनं आणलेला बासमती घेतला तर तांदूळ लांब, म्हणजे नंदी उलटा मागं निघालाय, काळजी नाही! त्या दिवसापासनं मी बासमतीच्या बाजूचा. खायला मात्र घनसाळच, त्याच्या वासापुढं बासमती म्हणजे नुसती उंची, हे आपलं मत, पटत नसंल तर सोडून द्या.

आज विषय काय, तर आपण जे उठता बसता म्हणतो, "देव बघून घेईल". बांध कोरला, देव बघून घेईल. उसने पैसे बुडवले, देव बघून घेईल. म्हणतो खरं, पण सोडतो का आपण? नाही सोडत. देवाकडं केस टाकतो आणि मग रोज तारखेला हजर! त्याचं काही वाईट झालं का, गाडी घसरली का, पोरगं नापास झालं का. आपल्याकडं हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, त्याच्यासाठी वकील मंडळींनी आणि लोकांनी कितीतरी वर्षं आंदोलनं केली, आता मुंबईच्या फेऱ्या वाचल्या सहा जिल्ह्यांच्या, चांगलंच झालं. पण देवाच्या कोर्टाचं बेंच मात्र आपण प्रत्येकानं आपल्या सोप्यात आधीच उघडून ठेवलंय, आणि खुर्चीत कोण, आपणच. देवाला फक्त शिक्का मारायला बोलवायचं.

तर ह्यावरनं मला आमच्या आज्ज्याची चोपडी आठवते. ही गोष्ट मी घरी इतक्या वेळा सांगितली की बायको आता उठून आत जाते. तुम्ही बसा.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला, आणि आज्ज्याचं गुऱ्हाळ होतं. गुऱ्हाळ काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या गुऱ्हाळात रस निवळायला भेंडीच घालायचे, मळी काढून काढून गुळव्याचे हात भरायचे, आणि गूळ निघायचा तांबूस. आता गिऱ्हाइकाला पिवळाधमक पाहिजे, मग पडते त्यात पावडर. पिवळा गूळ मागणाऱ्यानं भेसळीबद्दल बोलू नये असं माझं मत आहे, असो, विषय तो नाही.

तर आज्ज्याकडं एक लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी चोपडी होती, सुतळीनं बांधलेली, देवळीत ठेवलेली. ती गुऱ्हाळाच्या हिशेबाची नव्हती. त्यात आज्जा कुणी त्याचं काय वाईट केलं ते लिहायचा. खरंच. "तात्यानं बांध कोरला, दोन हात." "अडत्यानं गुळाच्या रव्यामागं अर्धा किलो तूट धरली." "पाव्हण्यानं भर मांडवात फेटा बांधला न्हाई." तारखेसकट. मी एकदा विचारलं, आज्जा हे कशाला लिवतोस? म्हणाला, "वर गेल्यावर इचारलं तर इसरायला नको."

आणि पुढं ऐका. शेजारच्या तात्याचा बैल मेला, तर आज्ज्यानं चोपडी काढली, बांधाच्या नोंदीपुढं बरोबरची खूण केली. म्हणजे वसूल! बैल बिचारा, त्याचा काय बांधाशी संबंध, उलट नांगर ओढून त्याचीच कंबर गेली असणार.

मग एका साली किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे ९, १०, ११ नोव्हेंबर, अंबाबाईला जायचं म्हणून आज्जा तयार होऊन बसला आणि छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात आठ दिवस. घरी आणल्यावर गाव बघायला आलं, त्यात तात्याही आला. बसला, चहा प्याला, पान जमवलं, आणि सहज हसत म्हणाला, "आबा, तुझं छातीचं कळलं तवा मी म्हटलं, ऐकलं बघ देवानं माझं!"

सगळे हसले. आज्जापण हसला. तात्या गेल्यावर मात्र बराच वेळ गप्प, आणि मग आज्जीला म्हणाला, "म्हंजे मी बी कुणाच्या तरी चोपडीत हाय की गं."

आज्जी म्हणाली, "एकाच्याच व्हय?"

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी असंल, गुऱ्हाळ पेटलं होतं, रात्रीचं चुलवाण धगधगतंय, काहिलीचा वास सगळीकडं, आम्ही पोरं उसाचं कांडं काकवीत बुडवून चाटत होतो. मी सातवीत. आज्ज्यानं मला हाक मारली, त्याचा हात कापायचा दुखण्यानंतर. चोपडी दिली माझ्याकडं, पण उलटी. मागच्या बाजूनं उघडली आणि म्हणाला, "लिही."

मी म्हटलं, आज्जा, मागनं?

"काय बघालायस, लिही की."

पहिली नोंद : गुळव्याची तीन दिवसांची हजेरी कापली होती, गूळ बिघडला म्हणून, आणि गूळ ऊस शिळा असल्यामुळं बिघडला होता, हे ह्याला तेव्हाच माहीत होतं. दुसरी : १९८९ च्या पुरात नदीकडेचं एक घर पोराबाळांसकट गुऱ्हाळात आसऱ्याला आलं होतं, त्यांना "चिपाडं भिजतील" म्हणून परत लावलं. तिसरी : आज्जीची म्हैस तिला न विचारता विकली.

लिहून झाल्यावर मी पोरकटपणे विचारलं, मग आता पुढच्या बाजूच्या नोंदी खोडू का? तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. त्याच्याकडं बी नोंद असंल. दोन जागी हिशेब ठेवला की जुळत न्हाई." गुऱ्हाळवाला माणूस, हिशेबातलंच बोलणार.

मग तो फिरायला लागला. गुळव्याकडं गेला पैसे घेऊन, तर गुळव्याला आठवंना, "कशाचं पैसं मालक?" म्हणून तोच लाजला, चहा झाल्यावर घेतले. आज्जीला म्हशीचं सांगितलं, ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "एवढंच आठवलं व्हय?" आणि त्या पुराच्या घराकडं गेला. त्यांना सगळं आठवत होतं. त्यांनी ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. मी बरोबर होतो म्हणून सांगतोय, आज्जा दारात उभा, ते आत, आणि मधे एक शेळी. बराच वेळ. मग आम्ही परत आलो. वाटेत मला राग आला होता, मी म्हटलं पाणी तरी विचारायचं की नाही, तर आज्जा म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं." एवढंच.

तर मंडळी, कानात राहावं म्हणून परत सांगतो, न्याय त्याचा, तयारी आपली. तात्याचं काय करायचं ते तो बघंल, तिथं आपली साक्ष काढतीलच असं नाही, आपली उलटतपासणी मात्र होणार. न्याय त्याचा, तयारी आपली. आमचे गॅरेजवाले चाचा म्हणतात दोन खांद्यांवर दोन फरिश्ते लिहीत बसलेत, ते आपण काय केलं तेच लिहितात, शेजाऱ्यानं काय केलं ते लिहायला त्याचे खांदे आहेत. गल्लीतली जैन मंडळी तर न्याय करणारा देवच मानत नाहीत, केलेलं कर्म आपल्यालाच चिकटतं म्हणतात, आणि वर्षातनं एकदा घरोघर जाऊन "उत्तम क्षमा" म्हणून हात जोडतात. आता त्याचं व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड झालंय, पाचशे लोकांना एकदम क्षमा, ज्याच्याशी खरं भांडण आहे तो त्या यादीतच नसतो, ब्लॉक केलेला असतो! आणि हो, कुणी म्हणंल अन्याय झाला तरी गप्प बसायचं का, तर अजिबात नाही, मोजणी आणा, पोलिसात जा, बेंच आहेच. फक्त त्याचा बैल मेल्यावर खूण करू नका.

काचेपलीकडनं मला हात करायला लागलेत, वेळ झाली.

ती चोपडी आता माझ्याकडं आहे. पुढच्या बाजूला आज्ज्यानं नंतर काही लिहिलं नाही, उरलेल्या कोऱ्या पानांवर आज्जीनं दुधाचा रतीब मांडला, म्हैस परत घेतली होती ना. मागच्या बाजूला मात्र अकरा नोंदी आहेत. दहांच्या पुढं खूण आहे, पुराच्या नोंदीपुढं पण आहे, जाऊन आलो म्हणून असंल. अकरावी त्याच्याच कापऱ्या अक्षरात आहे, नुसतं नाव. काय केलं होतं ते लिहिलेलं नाही, खूण नाही. नाव रेडिओवर सांगत नाही, त्या घरातली माणसं गावात आहेत, कदाचित आत्ता ऐकतही असतील. मला दर यात्रेला वाटतं जाऊन विचारावं. अजून गेलो नाही.